मे महिन्यात मी येत नाही

ती. आई-बाबा, सा. न. वि. वि.

फोनवरच सांगणार होतो पण आईचा आवाज ऐकला की मी दुसरंच कायतरी बोलत बसतो, म्हणून लिहायलोय. मेच्या सुट्टीत मी घरी येत नाही. आणि मामानं वेर्ण्याच्या औषध कंपनीतली नोकरी बघितलेली, तिला पण काल नाही म्हणून कळवलंय. मामावर राग धरू नका, त्याच्याशी मी नीट बोललोय.

खरं काय ते सांगतो. फिजिकल केमिस्ट्रीच्या इंटर्नलला मला 20 पैकी 6 पडले. तुम्हाला 'बरा गेला पेपर' म्हटलेलं, ते खोटं होतं, तेव्हापासून घास गिळत नव्हता. बीएस्सीला सीबीझेड, म्हणजे केमिस्ट्री-बॉटनी-झूलॉजी, घेतलं तेव्हा गणित सुटलं ते सुटलंच, आणि इथं क्वांटम सगळं गणितावर चालतं, माझी एक ओळ उतरून होईपर्यंत फळा पुसलेला असतो. रोज वाटायचं, आपण मराठी शाळेत संयुजा शिकलेलो, पीयुसीला, अकरावी-बारावीत, व्हॅलन्सी म्हणजे तीच हे कळायलाच किती दिवस गेले, हे एमएस्सी आपल्याला झेपणार नाही. एका शनिवारी बॅग भरून धारवाड स्टेशनपर्यंत गेलेलो. लोंड्याकडची गाडी समोरून गेली, मी बाकावरच बसून राहिलो.

मग एक सिनियर भेटला, बैलहोंगलचा, मराठी येत नाही त्याला, कन्नडमधनंच सांगतो. इलेक्ट्रॉन खोक्यात कोंडला की त्याला वाटेल तेवढी ऊर्जा घेता येत नाही, पायऱ्या ठरलेल्या, 1, 4, 9, 16 अशा पटीत, आणि खोका दुप्पट लांब केला की ऊर्जा चौथ्या हिश्श्यावर येते. हे मी पुस्तक मिटून वहीच्या मागच्या पानावर पहिल्या ओळीपासून काढलं. दोन्ही भिंतींशी शून्य आलं आणि शेवटी लांबीचा वर्ग आपोआप छेदात खाली उतरला. रात्रीचा दीड वाजलेला. त्यानं "तिळीता?", कळलं का, म्हणून विचारलं, मी नुसती मान हलवली, बोलता येईना. ज्या अऱ्हेनियस नावाच्या शास्त्रज्ञाचं समीकरण आम्ही रोज वापरतो, त्याच्या प्रबंधाला 1884 साली अगदी खालचा वर्ग दिलेला, आणि 1903 ला त्याला नोबेल मिळालं. हे वाचलं त्या रात्री शांत झोपलो बघा.

म्हणून थांबतोय. सुट्टीत तो रोज दोन तास गणित घेणार आहे. पैसे पाठवू नका, संध्याकाळी दहावीच्या पोरांची ट्यूशन घेतोय. मेसमध्ये भाकरी, शेंगाची चटणी, दही सगळं असतंय, आई, मी वाळलेलो नाही.

विटांच्या शेवटच्या भट्टीला मी नसणार हे मला लागतंय, बाबा. 2019 च्या पावसात मागची भिंत गेली तेव्हा सुद्धा तुम्ही माझी फी चुकवली नाहीत. लहानपणी मी विचारलेलं, काळपट मातीची वीट लाल कशी होते, तुम्ही म्हणालेलात, शिकून तूच सांग. मातीतलं लोखंड जाळात हवेतल्या ऑक्सिजनशी मिळतं आणि गंजासारखं लाल होतं. जिथं हवा पोचत नाही तिथं वीट आतून काळी राहते, तुम्ही बाजूला काढता ना, तीच.

आता ऐका. धुरात जाताना तोंडाला टॉवेल ओला करून बांधायचाच. बीपीची गोळी रोज सकाळी, भट्टी लागलेली असली तरी. खोकला आठ दिवसांच्या वर गेला की खानापुरात डॉक्टरला दाखवायचं, मेडिकलातनं बाटली आणून भागवायचं नाही. आई, विटा तू उचलायच्या नाहीस, गुडघ्याचं मला माहीत आहे. मी रागवत नाही गं, नुसती काळजी वाटते.

जूनमध्ये परीक्षा संपली की दुसऱ्या दिवशीच्या गाडीनं येतो. आतून काळी निघालेली एक वीट माझ्यासाठी ठेवा बाबा, टाकू नका. दोघं मिळून फोडून बघू.

तुमचा,
बाळू