शेवटचा हप्ता फिटला, घर मात्र अजून गहाणच

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या घरविषयक पुरवणीत गृहकर्ज कसे मिळवावे, व्याजदर कुठे कमी आहे, पात्रता कशी वाढवावी यावर नेमाने मजकूर येतो आणि त्याचा उपयोगही होतो. पण वीस वर्षे हप्ते भरून कर्ज फिटल्यावर घर कागदोपत्री मोकळे कसे करायचे, हे फारसे कुणी सांगत नाही. गृहकर्जाच्या कागदपत्रांचे काम रोज करणाऱ्यांना ही उणीव सतत जाणवते. कर्ज फेडत आलेल्या वाचकांनी तीन गोष्टी मुळातून वाचाव्यात, अशी या पत्रातून कळकळीची शिफारस आहे: रिझर्व्ह बँकेचे एक परिपत्रक, बँकेकडे जमा केलेल्या कागदांची यादी आणि स्वतःच्या मिळकतीवरच्या बोजाच्या, म्हणजे कर्जापोटी बँकेच्या असलेल्या हक्काच्या, नोंदी.

परिपत्रक 13 सप्टेंबर 2023 चे आहे. कर्जाची पूर्ण फेड झाल्यापासून 30 दिवसांच्या आत सर्व मूळ कागद परत करायचे आणि कुठल्याही नोंदवहीत चढवलेला बोजा उतरवायचा, अशी जबाबदारी त्याने कर्ज देणाऱ्या संस्थेवर टाकली आहे. संस्थेच्या कारणाने उशीर झाला, तर दर दिवसाला 5,000 रुपये भरपाई कर्जदाराला द्यावी लागते. कागद हरवले किंवा खराब झाले, तर दुसऱ्या किंवा प्रमाणित प्रती मिळवून देण्यास मदत करणे आणि त्याचा खर्च सोसणे संस्थेवरच आहे. त्यासाठी तिला आणखी 30 दिवस मिळतात, आणि भरपाई साठाव्या दिवसानंतर सुरू होते. कागद परत देण्याचा दिवस 1 डिसेंबर 2023 रोजी किंवा त्यानंतर येतो अशा सर्व कर्जांना, म्हणजे जुन्या कर्जांनाही, हे लागू आहे. नागरी सहकारी बँका आणि गृहवित्त कंपन्या यात येतात, पतपेढ्या येत नाहीत. आपल्याकडे पतपेढीचे कर्ज घेणारी कुटुंबे कमी नाहीत. त्यांना सहकार खात्याच्या निबंधकांकडेच जावे लागते.

हे 30 दिवस कधी सुरू होतात, इथेच पहिली गफलत होते. कर्ज मुदतीआधी बंद करायचे असेल, तर शाखेकडून फोरक्लोजर लेटर, म्हणजे कर्ज बंद करायला किती भरायचे याचे पत्र, घ्यावे लागते. त्यावर एक रक्कम असते आणि ती कोणत्या तारखेपर्यंत चालेल हेही असते. समजा, 6 लाख रुपये बाकी आहेत आणि व्याज साडेआठ टक्के आहे. म्हणजे दिवसाला साधारण 140 रुपये व्याज चढते. पत्र दहा तारखेपर्यंतचे आणि पैसे जमा झाले तेराला, तर सव्वाचारशेच्या आसपास रक्कम कमी पडते. एवढ्याशा रकमेसाठी खाते उघडे राहते, पुढच्या महिन्यात हप्ता ओढायचा प्रयत्न होतो, तो परत गेला की दंड लागतो आणि सिबिलच्या अहवालात थकबाकी दिसू लागते. तेव्हा पत्र हातात आल्यावर दोन प्रश्न विचारावेत: या महिन्याचा हप्ता यात धरला आहे का, आणि दर दिवसाचे व्याज किती. पैसे शक्यतो मुदतीच्या आदल्या दिवशीच भरावेत. व्यक्तीच्या नावावरचे फ्लोटिंग दराचे गृहकर्ज मुदतीआधी फेडताना बँक किंवा गृहवित्त कंपनी दंड घेऊ शकत नाही. पत्रात तशी रक्कम लावली असेल, तर पैसे भरण्याआधी लेखी खुलासा मागावा. पैसे भरल्यावर बाकी शून्य दाखवणारा खातेउतारा आणि नो ड्यूज पत्र, म्हणजे काही देणे उरले नाही असे पत्र, तारखेसह घ्यावे. पुढची सगळी मुदत या तारखेवरूनच मोजली जाते.

आता कागदांची यादी. कर्ज घेताना जमा केलेल्या कागदांच्या यादीला शाखेत एलओडी म्हणतात. तिची सहीशिक्क्याची प्रत पुष्कळांनी तेव्हा घेतलेलीच नसते. ती आधी मागून घ्या आणि कागद आणायला जाताना सोबत न्या. शाखेत फाईल पुढे ठेवून सही मागितली जाते. तिथे घाई करू नका.

फाईलमधला नोंदणीकृत करारनामा उघडा. प्रत्येक पानावर दुय्यम निबंधकाचा शिक्का असतो. त्यात कार्यालयाचे संक्षिप्त नाव (पुण्यात हवेलीसाठी ‘हवल’ आणि पुढे क्रमांक), दस्त क्रमांक, वर्ष आणि पानाचा आकडा असतो. पान 12/86 असे असेल, तर एकूण पाने 86. बोटाने एकेक पान उलटत 1 पासून 86 पर्यंत मोजा. पाने गळतात ती बहुधा शेवटच्या जोडपत्रांतली: मंजूर नकाशा, सातबारा, मालकी हक्काबद्दलचे शीर्षक प्रमाणपत्र, पक्षकारांच्या फोटो-अंगठ्यांचा गोषवारा. स्कॅनिंगसाठी फाईल सोडली जाते आणि परत लावताना मागची पाने दुसऱ्याच फाईलला जातात, हे त्याचे नेहमीचे कारण. त्यानंतर नोंदणीची मूळ पावती, इंडेक्स 2 (नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा), मुद्रांक भरल्याचे चलन आणि बिल्डरच्या पावत्या पाहाव्यात. घर पुनर्विक्रीतले असेल, तर आधीच्या प्रत्येक मालकाचा मूळ करार हवा. ही साखळी एका ठिकाणी तुटली, तरी पुढच्या गिऱ्हाइकाच्या बँकेचा वकील अडवतो.

एखादा कागद कमी निघाला, तर पोच देताना त्यावरच ‘अमुक कागद मिळाला नाही’ असे लिहून सही करा. ‘सर्व कागद मिळाले’ या छापील ओळीखाली सही झाली, की भरपाईचा मुद्दा लंगडा पडतो. दुय्यम निबंधकाकडून प्रमाणित नक्कल मिळते, पण ती मूळ दस्ताची जागा पूर्ण भरत नाही. म्हणून मूळ कागद संस्थेच्याच ताब्यात असताना हरवला, असे तिचे लेटरहेडवरचे पत्र नकलेसोबत हवेच.

सोसायटीचे शेअर सर्टिफिकेट ही वेगळी अडचण आहे. बांधकाम चालू असताना कर्ज घेतले, तेव्हा सोसायटी स्थापनच झाली नव्हती. पुढे सर्टिफिकेट निघाले, ते कधी बँकेत गेले, कधी सोसायटीच्या कपाटातच राहिले. एलओडीत ते दिसले नाही, तर बँकेशी वाद घालण्याआधी सेक्रेटरींना विचारावे.

बोजा कसा चढवला होता, यावर तो कसा उतरवायचा हे ठरते. बहुतेक बँका मूळ दस्त ताब्यात ठेवून कर्ज देतात. महाराष्ट्रात 2013 पासून अशा गहाणाची सूचना, म्हणजे नोटीस ऑफ इंटिमेशन, नोंदणी कार्यालयात द्यावी लागते. नो ड्यूज पत्रात या सूचनेचा क्रमांक आणि तारीख घालून मागावी. पुढे टायटल सर्च, म्हणजे मालकी हक्काची तपासणी, करणाऱ्याला ती सूचना याच कर्जाची होती, हे लगेच जुळवता येते. काही संस्था, विशेषतः सहकारी बँका, नोंदणीकृत गहाणखत करून घेतात. तिथे नुसते पत्र पुरत नाही. गहाण सोडल्याचा दस्त, म्हणजे रिकन्व्हेयन्स, दुय्यम निबंधकाकडे नोंदवावाच लागतो.

सरसाई (CERSAI) ही मार्च 2011 पासून चालू असलेली, गहाण मिळकतींची केंद्रीय नोंदवही. बोजा तिथून संस्थेनेच उतरवायचा असतो, पण तो उतरला का हे थोड्या शुल्कात कुणालाही तपासता येते. कर्ज एका बँकेतून दुसरीकडे नेले असेल, तर हे जरूर तपासा. दुसऱ्या बँकेची नोंद बंद होते आणि पहिलीची तशीच उघडी राहते, कारण पहिल्या शाखेच्या लेखी तो विषय केव्हाच संपलेला असतो. स्वतंत्र घर किंवा प्लॉट असेल, तर सातबाऱ्याच्या इतर हक्कात किंवा मिळकत पत्रिकेवर बँकेचे नाव असू शकते. सातबाऱ्यावरचा बोजा कमी करण्याचा अर्ज महसूल खात्याच्या ई-हक्क या ऑनलाइन प्रणालीतून करता येतो. फेरफार मंजूर झाल्यावर नवा उतारा काढून बँकेचे नाव गेले का, ते डोळ्यांनी पाहावे.

सहकर्जदार परदेशात असेल, तर बहुतेक शाखा मुखत्यारपत्र मागतात. भारतीय वकिलातीत साक्षांकित केलेले मुखत्यारपत्र इथे पोचल्यावर तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक लावून घ्यावा लागतो. अमेरिका-आखातातल्या मुलांचे कागद याच मुदतीपायी अडकतात. कर्जदार हयात नसेल, तर वारसांना कागद देण्याची कार्यपद्धती संस्थेने आपल्या संकेतस्थळावर ठेवणे त्याच परिपत्रकाने बंधनकारक केले आहे.

तारणादाखल दिलेले कोरे धनादेश परत घ्यावेत, हप्त्याचे नॅच मँडेट, म्हणजे खात्यातून हप्ता आपोआप वळता करण्याची परवानगी, रद्द करावे, विम्याची पॉलिसी बँकेच्या नावे केली असेल तर ती स्वतःच्या नावे फिरवून घ्यावी. दोनेक महिन्यांनी क्रेडिट अहवाल काढून खाते ‘बंद’ दिसते का, ते पाहावे. वर्षातून एकदा तो मोफत मिळतो. चूक असेल आणि तक्रारीनंतर 30 दिवसांत दुरुस्त झाली नाही, तर दिवसाला 100 रुपये भरपाई मिळते.

कागदांसाठी 30 दिवस उलटले, तर शाखेला भरपाईच्या रकमेसह लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. बँकेने 30 दिवसांत उत्तर दिले नाही किंवा दिलेले पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क जाता येते. गृहवित्त कंपनीविरुद्धची तक्रार मात्र राष्ट्रीय आवास बँकेकडे करावी लागते. अर्ज चुकीच्या दारात गेला, की महिना वाया जातो.

आपल्याला एक विनंती आहे. हे परिपत्रक जेमतेम दोन-तीन पानांचे आहे. त्याचा मराठी अनुवाद पुरवणीत चौकटीत छापावा, म्हणजे कर्जदाराला ते कात्रण शाखेतल्या टेबलावर ठेवून बोलता येईल.

आपला,
गृहकर्ज कागदपत्रांच्या कामातला एक वाचक, पुणे