काका, रील स्वाइप करता येतं, मावशीला कसं करू?

संपादक साहेब, स. न. वि. वि.

मागच्या रविवारी तुमच्याकडे एका काकांचं पत्र छापून आलं होतं, की आजकालच्या मुली रील्स बघून बिघडल्यात, सारखा सेल्फी, सारखं डाएट, आणि म्हणूनच म्हणे लग्नं जमत नाहीत आणि जमली तर टिकत नाहीत. मी ते बोरिवलीहून चर्चगेटला जाताना लेडीज डब्यात वाचलं आणि आमच्या ग्रुपला मोठ्याने वाचूनही दाखवलं. चौघी हसल्या. पाचवीचं सध्या घरी बघणं चालू आहे, ती काहीच बोलली नाही.

काकांचं सगळंच चुकलंय असं नाही म्हणत मी. फोनने डोकं खराब होतं हे खरंय. कॉलेजला असताना मी एका फिल्टरशिवाय फोटोच टाकायचे नाही, त्यात नाक बारीक व्हायचं, डोळे मोठे व्हायचे आणि न विचारता दोन शेड गोरं करून मिळायचं. २०२५ च्या जानेवारीत इन्स्टाने बाहेरच्या लोकांनी बनवलेले फिल्टर बंद केले तेव्हा आमच्यातल्या एकीचा आवडता फिल्टर गेला, ती दोन दिवस सुतकात असल्यासारखी बसून होती, हसू नका, मला तिचं दुःख कळत होतं. आता जुने फोटो बघितले की वाटतं ही कोण बाई.

पण काका, दोन शेड गोरं करायची अक्कल फोनला कोणी दिली?

माझी आजी लग्न होऊन गिरगावातल्या चाळीत आली तेव्हा फोन तर सोडाच, टीव्हीसुद्धा अख्ख्या मजल्यात एकाच घरात होता. तिथे सगळे जमून बातम्या बघायचे आणि बातम्या द्यायला कोण, तर स्मिता पाटील. आजी सांगते, सासूबाई कौतुकाने म्हणायच्या, काय तेज आहे गं पोरीच्या चेहऱ्यावर, सावळी आहे पण बघतच राहावं. आणि तिथून घरी आल्या की त्याच सासूबाई आजीला म्हणायच्या, जरा हळद-साय लाव, चारचौघांत न्यायचंय तुला. आजी हे आजही हसत सांगते. मला नाही हसू येत.

मग फेअर अँड लव्हली. ती १९७५ ला बाजारात आली, म्हणजे आमची आई आणि ती क्रीम साधारण एका वयाच्या. आईच्या कॉलेजच्या दिवसांत कपाटात साड्यांच्या घडीखाली ती ट्यूब असायची, लपवून, कारण गोरं व्हायचं तर होतं पण क्रीम लावून झालोय हे कळता कामा नये. २०२० ला कंपनीने नावातलं फेअर काढून ग्लो केलं. आजी अजून फेअर लवलीच म्हणते आणि दुकानदाराला बरोबर कळतं.

आणि टीव्हीचं म्हणाल तर 'रंग माझा वेगळा' आठवतेय का? २०१९ ला सुरू झालेली, स्टार प्रवाहवर. सावळ्या मुलीची गोष्ट, आमच्याकडे रात्रीचं जेवण त्या वेळेवर ठरायचं, आई रडायची पण. आणि नायिका कोण तर रेश्मा शिंदे, जी मुळात गोरी, तिला रोज मेकअपने सावळं करायचे. ती काम छान करते, तिच्याबद्दल तक्रार नाही, पण अख्ख्या महाराष्ट्रात एक सावळी मुलगी मिळू नये? तेव्हा माझ्या मावशीने आईला काय सांगावं, "बघ, मेकअप काढला की किती गोड दिसते."

तर आता मावशीच. माझा बायोडेटा तिने बनवलाय, वर गणपती, खाली मोबाईल नंबर, मधे "रंग : निमगोरा". मी विचारलं निमगोरा म्हणजे काय, निम्मी गोरी? मग उरलेल्या निम्मीचं काय करायचं, ती हुंड्यात द्यायची का? ती म्हणाली बरं बाई गव्हाळ लिहू, गव्हाळ सेफ आहे, त्यात सगळंच बसतं. माझी उंची तिने एक इंच वाढवली आणि वजनाची ओळच उडवली. पीडीएफ चौदा ग्रुपवर गेली. रील मला नाही आवडलं तर अंगठ्याने वर ढकलते, मावशीला कसं ढकलू? ती प्रेमाने करते हो, हाच तर प्रॉब्लेम आहे.

कांदेपोहे एकदाच झाले, गोरेगावला. मुलगा बरा होता, बोलायला चांगला, पुस्तकं वाचणारा. त्याच्या आईने दुसऱ्या घासाला विचारलं, "वजन मुळातच आहे की आत्ता वाढलंय? पीसीओडी वगैरे काही नाही ना?" मला पीसीओडी आहे. आमच्या ग्रुपमध्ये पाचातल्या तिघींना आहे, गोळ्यांची नावं आम्ही लिपस्टिकच्या शेडसारखी एकमेकींना विचारतो. पण ते असं, सहा माणसांत, हातात बशी घेऊन सांगायचं? आमची आई तर शेव पुढे करत बसली. आणि तो मुलगा, तो स्वतःच्या मोज्यांकडे बघत होता. रात्री इन्स्टावर मेसेज आला, सॉरी, मम्मीचं मनावर घेऊ नकोस, तू आहेस तशी छान आहेस. अरे मग तेव्हा बोल ना! मी मेसेज नुसता वाचून सोडून दिला, उत्तर नाही दिलं.

काकांना वाटतं आम्हाला हिरो पाहिजे, सिक्स पॅकवाला. आम्हाला, निदान आमच्या डब्याला, पोह्याची बशी हातात असताना "आई, असं नको ना विचारूस" एवढं बोलणारा पाहिजे. (मुलांचंही काही सोपं नाही हे मला माहितीये, माझा भाऊ सत्ताविसाव्या वर्षी कपाळावरचे केस मोजतो आणि बायोडेटातला फोटो कॉलेजचा लावलाय.)

एक चांगलं पण सांगते. परवा डब्यात लेगिंग्ज विकणारी आली, फ्री साइज फ्री साइज ओरडत. मी हात लावून बघितली तर समोरची अनोळखी काकू लगेच, "तुला नाही व्हायची गं ती." विकणारीने काही न बोलता लेगिंग दोन्ही हातांनी ताणली, ताणली, इतकी ताणली की मधे बसलेल्या बाईचं डोकं झाकलं गेलं, आणि काकूंना म्हणाली, "तुम्ही आणि ती दोघी बसाल यात." डबा हसला, काकू पण हसल्या. दीडशेला घेतली मी.

आता तुमच्याकडे काम. काकांचं पत्र ज्या पानावर होतं त्याच्या मागच्या पानावर तुमच्या वधूवरांच्या जाहिराती आहेत. मी पेन घेऊन बसले, गोरी आणि सडपातळ या शब्दांवर गोल करत गेले आणि अर्ध्या पानात कंटाळले. शादी डॉट कॉमने २०२० ला स्थळ शोधतानाचा रंगाचा फिल्टर काढून टाकला, अमेरिकेतल्या आपल्याच बायकांनी मागे लागून काढायला लावला. तुमच्याकडे जाहिरातीचे पैसे शब्दांवर असतात ना, मग तेवढे दोन शब्द घेणार नाही म्हणून सांगून बघा की. लोकांचे पैसे पण वाचतील.

आणि प्लीज नाव छापू नका, मावशी तुमचाच पेपर घेते.

एक वाचक, बोरिवली