फिर्यादीत मुलाचेच शब्द हवेत

मा. संपादक,
स.न.वि.वि.

बालकांवरील लैंगिक अत्याचाराचा खटला न्यायालयात ढिला पडतो, तेव्हा त्याचे मूळ पुष्कळदा पोलीस ठाण्यात पहिल्या दिवशी लिहिलेल्या कागदात सापडते. ‘मनास लज्जा उत्पन्न होईल असे कृत्य केले’ हे फिर्यादीतले ठरीव वाक्य. त्यातून नेमके काय घडले ते कळत नाही, आणि बालकांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या पोक्सो कायद्यात सारे त्या नेमकेपणावर ठरते.

शरीरात बोट किंवा वस्तू घातली असेल, तोंडाचा वापर केला असेल, तरी ते कलम ३ मध्ये बसते. शिक्षा किमान १० वर्षे, बालक १६ वर्षांखालील असेल तर किमान २०. लैंगिक हेतूने गुप्तांगाला किंवा छातीला हात लावणे, किंवा बालकाला तसे करायला लावणे हे कलम ७; तिथे ३ ते ५ वर्षे. हात न लावता अश्लील बोलणे, हावभाव करणे, घाणेरडे व्हिडिओ दाखवणे हे कलम ११. तिथे कमाल ३ वर्षे. आरोपी शिक्षक किंवा नातेवाईक असेल, किंवा बालक १२ वर्षांखालील असेल, तर स्पर्शाचे आणि शरीरप्रवेशाचे दोन्ही गुन्हे अधिक गंभीर ठरून शिक्षा वाढते. कपड्यांवरून केलेला स्पर्शही कलम ७ मध्ये येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १८ नोव्हेंबर २०२१ रोजी स्पष्ट केले आहे. म्हणजे हात कुठे लावला आणि कशाने लावला, हे मुलाच्या तोंडून जसेच्या तसे उतरले नाही, तर कलमच चुकते.

सोलापुरात ही अडचण दुप्पट होते. पूर्व भागातल्या कितीतरी घरांत लेकरू तेलुगूत बोलते, अक्कलकोटकडे कन्नड, कुठे उर्दू. मूल घरच्या भाषेत सांगते, आई तुटक मराठीत समजावते आणि कागदावर येते ते पोलिसी मराठी. पुढे दंडाधिकाऱ्यांसमोरच्या जबाबात मूल मोकळेपणाने बोलले, की उलटतपासणीत ‘हे आधी का सांगितले नाही?’ असा प्रश्न येतो आणि भाषांतराची चूक मुलाच्या खोटेपणात जमा होते. कलम २९ मुळे आरोपीने गुन्हा केला असेच न्यायालय गृहीत धरते खरे, पण मूळ घटना आधी सरकार पक्षाला शाबीत करावी लागते. तिथेच हे कागद आड येतात.

कायद्यात याची तजवीज आहे. कलम २६ नुसार जबाब मूल बोलेल तसाच, त्याच्या विश्वासातल्या माणसासमोर लिहायचा. शक्य असेल तर ध्वनिचित्रमुद्रणही करायचे. कलम २४ नुसार तो घरी किंवा मूल म्हणेल त्या जागी घ्यायचा, अधिकारी गणवेशात नको, आणि शक्यतो महिला उपनिरीक्षक हवी. भाषा कळत नसेल तर मानधन देऊन दुभाषा बोलवायचा. दुभाष्यांची नोंदवही जिल्हा बाल संरक्षण कक्षाने ठेवायची, असे २०२० चे नियम सांगतात. शेजारीण किंवा ठाण्यातला तेलुगू येणारा शिपाई हा त्याला पर्याय नव्हे.

पालकांनी मुलाला पुन्हा पुन्हा विचारून उत्तरे पाठ करून घेऊ नयेत. तेच शब्द पुढे पढवलेले वाटतात. अंगावरचे कपडे धुऊ नयेत, वाळवून कागदी पिशवीत ठेवावेत, प्लास्टिकमध्ये नको. ७२ तासांनंतर शरीरावरचे पुरावे मिळण्याची शक्यता झपाट्याने घटते. वैद्यकीय तपासणीसाठी गुन्हा नोंदवण्याची वाट पाहावी लागत नाही, मुलीची तपासणी महिला डॉक्टरनेच करायची असते, आणि खासगी रुग्णालयालाही उपचार मोफत द्यावे लागतात. जखम नाही म्हणून गुन्हा नाही, असे मात्र मुळीच नाही.

शाळांनी आधी आपली चौकशी समिती नेमून मग पोलिसांकडे जाण्याची रीत सोडावी. कलम १९ मध्ये पुरावा मागितलेला नाही. माहिती कळवणे पुरे. न कळवल्यास ६ महिन्यांपर्यंत कैद, संस्थाप्रमुखाला १ वर्षापर्यंत. चार जाणत्यांनी बसून केलेली तडजोडही खटला संपवत नाही. राजस्थानातल्या एका शिक्षकाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ७ नोव्हेंबर २०२४ रोजी ते ठणकावून सांगितले.

शहर आणि ग्रामीण पोलिसांना आमची एकच विनंती आहे. तेलुगू, कन्नड आणि उर्दू दुभाष्यांची नावे व फोन नंबर प्रत्येक ठाण्याच्या ठाणे अंमलदाराच्या टेबलावर असावेत, आणि दुभाषा येईपर्यंत जबाबाचे पहिले पान लिहायला घेऊ नये.

– बालहक्क क्षेत्रातील काही वकील व समुपदेशक, सोलापूर