वसईतल्या चर्चमध्ये पैशाबद्दलही बोला

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

वसईतली बावखलं, म्हणजे गोड्या पाण्याची जुनी तळी, बुजवली जातायत याच्या बातम्या तुमच्या पेपरात अधूनमधून येतात, त्यात बिल्डर आणि पुढारी सगळ्यांवर टीका असते पण आमच्या ख्रिस्ती समाजाबद्दल कुणी लिहीत नाही, म्हणून मीच लिहितोय. मी इथलाच कॅथलिक, घरची केळीची वाडी आहे. बावखलाला लागून असलेल्या जमिनी विकणाऱ्यांत आमचेही बरेच लोक आहेत, आणि दर रविवारी मिस्साला, म्हणजे प्रार्थनेला, चर्च भरतं तेही आमच्याच लोकांनी.

मिस्सा सुटल्यावर चर्चच्या आवारात जरा वेळ उभं राहून ऐका. पूर्वी पानवेलीवर रोग पडलाय का, दादरला फुलांना काय भाव मिळाला, कुणाची विहीर खारट झाली हे बोलणं असायचं. आता गुंठ्याला काय चाललंय, कॉरिडॉरमध्ये कुणाची जमीन जाते, कुणाचा पोरगा कॅनडाला सेटल झाला, एवढंच.

जमीन विकली म्हणून मी कुणाला पापी म्हणत नाहीये हां. मजूर मिळत नाही, केळी परवडत नाही, घरात डायलिसिसचा पेशंट आहे किंवा मुलीला नर्सिंगला घालायचंय आणि त्यासाठी दोन गुंठे विकले तर त्यात बोलायचं काय. मला त्रास होतो तो व्यवहार ज्या पद्धतीने होतो त्याचा. अर्धे चेकने अर्धे कॅश, कागदावर भाव कमी, आणि बहिणीला घरी जेवायला बोलावून हक्कसोडपत्रावर सही घ्यायची, तिने विचारलं तर म्हणायचं तुझ्या लग्नात खर्च केला ना आम्ही. आणि त्याच आठवड्यात घरी रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, पण होते.

बायबलमध्ये जमिनीच्या पैशाबद्दल किती स्पष्ट लिहिलंय बघा. त्यातल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात बर्णबा शेत विकून सगळे पैसे प्रेषितांच्या, म्हणजे येशूच्या शिष्यांच्या, पायाशी आणून ठेवतो, आणि लगेच पुढच्या अध्यायात हनन्या आणि सप्पीरा हे नवराबायको जमीन विकतात, थोडे पैसे मागे ठेवतात आणि सगळे दिले असं भासवतात. त्या शिष्यांतला पेत्र हनन्याला सांगतो की विकायच्या आधी जमीन तुझीच होती, विकल्यावर पैसाही तुझ्याच हातात होता, मग खोटं कशाला? म्हणजे पैसे ठेवण्यावर त्याचा आक्षेपच नव्हता, लबाडीवर होता. आणि तो नाबोथ, अहाब राजा त्याला द्राक्षमळ्याच्या बदल्यात याहून चांगला मळा नाहीतर रोख पैसे द्यायला तयार होता तरी तो म्हणाला वाडवडिलांचं वतन देणार नाही, आणि त्यापायी त्याचा जीव गेला. वसईला इतक्या लागू पडणाऱ्या गोष्टी असताना प्रवचनात त्या घेऊन आजच्या खरेदीविक्रीबद्दल सरळ कुणी बोलतंय असं मी फार क्वचित ऐकलंय. पैशाचा विषय निघतो तो बहुतेक वेळा सणाच्या वर्गणीचा किंवा छताच्या कामाचा.

फादर फ्रान्सिस दिब्रिटो बोलायचे. वसईची हिरवाई वाचवण्यासाठीच्या हरित वसई संरक्षण समितीच्या आंदोलनाच्या वेळी धमक्यांना न घाबरता ते रस्त्यावर उतरले होते. २०२० ला उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले तेव्हा आम्हाला केवढा अभिमान वाटला, २५ जुलै २०२४ ला ते गेले तेव्हा सगळ्यांच्या स्टेटसला त्यांचा फोटो. पण ज्या पाण्यासाठी आणि झाडांसाठी ते भांडले ती बावखलं आजही रात्रीचे डंपर आणून राडारोड्याने भरली जातायत, आणि जुलै २०१८ ला वसई पाण्याखाली गेली, गाड्या बंद, दिवसचे दिवस लाईट नाही, ते पण आम्ही विसरून गेलो.

या पैशाचा सगळ्यात जास्त भार गरीब घरांवर पडतोय हे कुणी लक्षातच घेत नाही. पहिला कम्युनियन, म्हणजे मुलांनी पहिल्यांदा ख्रिस्तप्रसाद घ्यायचा विधी, पूर्वी साधा असायचा, मुलांची मिस्सा, मग घरी शेजारीपाजारी जेवायला, संपलं. आता हॉल, डीजे, एलईडी स्क्रीन, ड्रोनवाला. जमीन विकलेल्यांनी एकदा सुरू केलं की बाकीच्यांना करावंच लागतं. आमच्या आळीत एका बाईने मुलीच्या गाऊनसाठी आणि हॉलसाठी पतपेढीचं लोन काढलंय, नवरा रिक्षा चालवतो, हप्ता अजून चालू आहे. त्या मुलीला त्या दिवशी ख्रिस्तप्रसाद मिळाला हे महत्त्वाचं होतं की नाही? तिच्या आईला त्या दिवशी शांतपणे प्रार्थना तरी करता आली असेल का!

माझी बिशप महाराजांना आणि सगळ्या पॅरिश कौन्सिलना, म्हणजे चर्चच्या समित्यांना, कळकळीची विनंती आहे. पुढच्या वर्षीपासून कम्युनियनला सगळ्या मुलांना चर्चतर्फेच एकसारखे साधे पांढरे कपडे द्या आणि जेवण चर्चच्या हॉलमध्ये सगळ्यांचं एकत्र ठेवा, खर्च ऐपतीप्रमाणे वाटून घ्या. सणाच्या बॅनरवर बिल्डरांचे फोटो नकोत, त्यांची देणगी पण नको, सण थोडा लहान झाला तरी चालेल. ईस्टरच्या आधीच्या उपवासकाळातल्या एका रविवारी तरी जमिनीच्या व्यवहारावर आणि बहिणींच्या हिश्श्यावर प्रवचन ठेवा. लोक नाराज होतील, काही जण दुसऱ्या चर्चला जातील, तरी ठेवा.

- एक वाचक, वसई