क्रॉस लिंकिंगने चष्मा जात नाही, मग करायचं कशाला?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

माझ्या मुलाला केरॅटोकोनस नावाचा डोळ्यांचा आजार आहे. नववीपासून त्याचा सिलिंडर नंबर, म्हणजे चष्म्यातला तिरपेपणाचा नंबर, दर सहा महिन्यांनी वाढायचा, चष्म्याच्या दुकानात नवी काच बसवून द्यायचे, आणि घरी आम्ही मोबाईल कमी बघ म्हणायचो. रात्री गाडीवर मागे बसला की म्हणायचा, बाबा दिव्यांना शेपट्या दिसतायत. अभ्यास करताना सारखे डोळे चोळायचा, तेही बोटांच्या पेरांनी दाबून, आणि ॲलर्जी असेल म्हणून आम्हीपण सोडून दिलं, त्याचं आज फार वाईट वाटतं. शेवटी टोपोग्राफी, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या भागाच्या आकाराचा नकाशा, काढली तेव्हा कळलं की कॉर्निया, म्हणजे बुबुळावरची पारदर्शक काच, पातळ होऊन टोकदार पुढे येतेय.

क्रॉस लिंकिंग करा म्हटल्यावर मी पहिलं काय विचारलं, तर चष्मा जाईल ना? नाही जात. त्यात रायबोफ्लेविनचे म्हणजे बी-२ व्हिटॅमिनचे पिवळे थेंब अर्धा तास घालत राहतात, मग अर्धा तास अल्ट्राव्हायोलेट प्रकाश, त्याने कॉर्नियाचे धागे एकमेकांना घट्ट बांधले जातात आणि आजार वाढायचा थांबतो. जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या डॉक्टरांनी २००३ मध्ये माणसांवरचे निकाल छापले तेव्हापासून ही ट्रीटमेंट आहे. पण झालेला वाकडेपणा बराचसा तसाच राहतो, म्हणून दिसण्यासाठी दुसरं काहीतरी जोडीला लागतं. कुणाला कॉर्नियात छोट्या अर्धगोल रिंगा बसवून आकार सपाट करतात, कुणाला टोपोग्राफी बघून लेझरने अगदी थोडं, साधारण ५० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आत घासून लगेच क्रॉस लिंकिंग करतात, कुणाचं स्क्लेरल लेन्सवर, म्हणजे डोळ्याच्या पांढऱ्या भागावर टेकणाऱ्या मोठ्या कॉन्टॅक्ट लेन्सवर, भागतं. नुसतं लॅसिक, म्हणजे चष्मा घालवायचं लेझर ऑपरेशन, मात्र इथे घातक, आधीच पातळ कॉर्निया अजून कमजोर होतो. साध्या पद्धतीच्या क्रॉस लिंकिंगलासुद्धा साधारण ४०० मायक्रॉन जाडी लागते, म्हणजे उशीर केला की पर्यायच कमी होतात.

कुठली जोडी, कुठल्या क्रमाने, हे प्रत्येक डोळ्याचं वेगळं असतं, माझ्या मुलाच्या दोन डोळ्यांचंसुद्धा एक नाही. पालकांना हे आधी कुणी नीट बसून सांगत नाही, आणि चष्मा जाणार नसेल तर पैसे कशाला घालवायचे म्हणून ओळखीतल्या एकांनी मुलीचं क्रॉस लिंकिंग वर्षभर पुढे ढकललंय. तुमच्या आरोग्य पानावर यावर कॉर्नियाच्या डॉक्टरांचा एक सविस्तर लेख द्याच, आणि ज्या मुलाचा सिलिंडर सारखा वाढतोय त्याची टोपोग्राफी करा हे ठळक छापा.

आमच्या मुलाच्या उजव्या डोळ्याचं झालंय, पहिले तीन दिवस फार दुखलं. डाव्याचं पुढच्या महिन्यात आहे.

आपला,
एक पालक, सातारा