दुसऱ्या वर्षाचा पगार

लॉस एंजेलिस
रविवार सकाळ

प्रिय आई आणि बाबा,

सप्रेम जय भीम.

मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर माझी शेजारीण मागे दिसली आणि बाबांनी विचारलं, "ही पोरगी दिवसभर काय खरडत बसते?" मी म्हटलं, टीव्हीसाठी लिहिणाऱ्या कृष्णवर्णीय लेखकांच्या प्रशिक्षणाचा अर्ज भरतेय. त्यावर बाबा म्हणाले, "सिरियल लिहायला पण कोटा?" आणि आई म्हणाली, "सिरियल लिहायला शिकावं लागतं होय?" तुम्ही दोघं हसत सुटलात आणि तेवढ्यात तिकडे लाइट गेली. फोनवर बाबांना निम्मं ऐकू येत नाही, उरलेलं आई आपल्या मनानं सांगते. म्हणून पत्र. बाबा, फाईलला लावण्याआधी आईला मोठ्यानं वाचून दाखवा.

आधी आईचा प्रश्न. तुझ्या मालिकेच्या सुरुवातीला नावं येतात त्यात कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे असतात ना? इथे तसं नाही. सहा-आठ लेखक महिनोन्महिने रोज एका खोलीत बसतात. तिला रायटर्स रूम म्हणतात. फळ्यावर कार्डं चिकटवून अख्खा सीझन आधी तोंडी रचला जातो, मग एकेक भाग एकेकाच्या वाट्याला येतो. त्यामुळे लिहिण्याइतकंच बोलणं महत्त्वाचं. आपली कल्पना कुठवर रेटायची, ती पडली की चेहरा कसा ठेवायचा, दुसऱ्याच्या विनोदावर आपला कसा चढवायचा, हे पुस्तकात नसतं. ज्याचा मामा-काका त्या धंद्यात आहे त्याला ते जेवताना ताटावरच कळतं. बाकीच्यांनी कुठे शिकायचं? त्यासाठी ही प्रशिक्षणं.

आता बाबांचा कोटा. आपल्या अर्थानं तो इथे नाहीच. कंपनीनं वर्ण बघून जागा राखून ठेवणं इथल्या कायद्यात बसत नाही, म्हणून मोठ्या कंपन्यांच्या योजनांच्या जाहिरातीत 'ज्यांना आजवर पुरेसं प्रतिनिधित्व मिळालं नाही असे लेखक' असं गोलगोल लिहितात. या योजनांमागे भांडण मात्र खरंखुरं आहे. 1999 साली चार मोठ्या वाहिन्यांनी 26 नव्या मालिका जाहीर केल्या आणि एकीतही प्रमुख भूमिकेत गोरा नसलेला माणूस नव्हता. एनएएसीपी ही कृष्णवर्णीयांची जुनी संघटना (हिच्या स्थापनेत ड्युबॉइस हे कृष्णवर्णीय विचारवंत होते, तेच ज्यांना बाबासाहेबांनी 1946 मध्ये पत्र लिहिलं होतं) बहिष्काराची भाषा बोलू लागली, तेव्हा कुठे वाहिन्यांनी करार केले. त्यानंतर लेखकांसाठीच्या योजनांनी जोर धरला. एनबीसी या वाहिनीच्या अशाच योजनेतून लेखिका-अभिनेत्री मिंडी केलिंग 'द ऑफिस' या मालिकेत आली आणि 2006 मध्ये 23 वर्षांचा डोनाल्ड ग्लोव्हर '30 रॉक'मध्ये. पुढे त्यानं 'अटलांटा' काढली तेव्हा लेखकांची अख्खी खोली कृष्णवर्णीय होती.

अर्ज भरणं म्हणजे काय ते तुम्ही बघायला हवं होतं. बऱ्याच ठिकाणी चालू असलेल्या एखाद्या मालिकेचा एक भाग आपण लिहून द्यायचा. तो कधीच चित्रित होणार नाही हे देणाऱ्यालाही माहीत आणि घेणाऱ्यालाही. शिवाय स्वतःच्या कल्पनेतल्या मालिकेचा पहिला भाग आणि 'मी कोण, कुठून आले' यावर निबंध. हजारो अर्ज येतात, जागा मोजक्या. माझ्या शेजारणीनं तो निबंध अकरा वेळा लिहिला. तिची आजी लुइझियानातून इकडे आली, शिपयार्डात कामाला लागली. ही कहाणी ती प्रत्येक अर्जात सांगते आणि म्हणते, "आजीला मी इतक्यांदा विकलंय की आता तिला रॉयल्टी द्यायला हवी."

आता तुमच्या कामाचं, बाबा. मी इथे मालिकांची पगारपत्रकं करते हे तुम्हाला माहीत आहे. नव्या लेखकाचा हुद्दा स्टाफ रायटर, म्हणजे तुमचा कनिष्ठ लिपिक. त्यावर स्टोरी एडिटर, मग एक्झिक्युटिव्ह स्टोरी एडिटर, को-प्रोड्युसर, प्रोड्युसर असं करत थेट शोरनरपर्यंत, म्हणजे अख्खी मालिका चालवणाऱ्या मुख्य लेखकापर्यंत, उतरंड. नावात प्रोड्युसर असला तरी काम लिहिण्याचंच. या योजनांतून आलेल्या स्टाफ रायटरचा पहिल्या वर्षाचा पगार बहुतेक वेळा मालिकेच्या बजेटात धरलेला नसतो, तो वाहिनीच्या वेगळ्या खात्यातून येतो. मालिकेच्या दृष्टीनं फुकटचा माणूस. मी पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा मला बरं वाटलं होतं. दुसऱ्या वर्षी कळलं. दुसऱ्या वर्षी त्याला बढती द्यायची तर पगार मालिकेनं आपल्या खिशातून द्यायचा. त्याला जाऊ दिलं तर त्याच खात्यातून नवा फुकटचा माणूस मिळतो. मग खिसा जे सांगतो तेच होतं.

शेजारणीचं तेच झालं. वर्ष संपलं, फेअरवेलचा केक कापला, सगळ्यांनी मिठ्या मारल्या. पुढच्या मालिकेत ती पुन्हा स्टाफ रायटर. तिसरीत पुन्हा स्टाफ रायटर. तिच्याकडे प्रशिक्षणाची तीन प्रमाणपत्रं आहेत आणि हुद्दा एकच. वाहिन्यांची नावं लिहीत नाही, माझं पोट त्याच गल्लीत आहे.

मला तुमची ती फाईल आठवली. बिंदुनामावलीत, म्हणजे आरक्षणाच्या जागांच्या क्रमवारीत, तुमचा बिंदू येऊन गेला आणि शेऱ्यात 'योग्य उमेदवार उपलब्ध नाही' असं लिहिलं होतं. आणि तुम्ही त्याच खोलीत, दुसऱ्या टेबलावर बसलेले! लहानपणी आई ते वाक्य चिडून म्हणायची आणि मला वाटायचं तो काहीतरी विनोद आहे. भरती झाली की आकडा दाखवता येतो, बढतीला मात्र कुणीतरी सही करावी लागते.

इथेही वर गेलं की खोली रिकामी होत जाते. 2016-17 च्या हंगामातल्या 234 मालिकांची मोजणी 'कलर ऑफ चेंज' या संस्थेनं इथल्या यूसीएलए विद्यापीठाच्या एका प्राध्यापकाकडून करून घेतली होती. 3,817 लेखक, त्यांत कृष्णवर्णीय 4.8 टक्के. जवळपास दोन तृतीयांश मालिकांत एकही नाही. लोकसंख्येत ते साधारण 13 टक्के आहेत. आणि ज्या खोल्यांत होते त्यांतल्या कितीतरी खोल्यांत एकच माणूस. एकटा असला की तो लेखक राहत नाही, खात्री करून घ्यायचं यंत्र होतो: "आमच्या या पात्राचं बोलणं बरोबर वाटतंय ना?" बाबा, ऑफिसात 14 एप्रिलचं भाषण दरवर्षी तुम्हालाच का द्यावं लागायचं?

काहींनी दार ठोठावत बसण्यापेक्षा खिडकीतून उडी मारली. इसा रे हिनं 2011 मध्ये यूट्यूबवर स्वतःची वेबमालिका सुरू केली, पैसे संपले तेव्हा प्रेक्षकांकडून वर्गणी काढून 56 हजार डॉलर उभे केले. 2016 मध्ये तिची 'इनसिक्युअर' ही मालिका एचबीओ या मोठ्या वाहिनीवर आली. ती आमच्याच इंगलवूड भागात घडते, माझा नेहमीचा रस्ता त्यात दिसतो. 2014 मध्ये तिनं आणि तिच्या सहकारी निर्मातीनं 'कलरक्रिएटिव्ह' ही कंपनी काढली, इतरांना आत घ्यायला. लीना वेथ ही विनोदी मालिकेच्या लेखनाचा एमी, म्हणजे टीव्हीचा सर्वात मोठा पुरस्कार, मिळवणारी पहिली कृष्णवर्णीय स्त्री, 2017 ची गोष्ट. तिच्या 'हिलमन ग्रॅड' या कंपनीच्या प्रशिक्षणाला फी नाही. वर्गणीची जयंती आपल्याला नवी नाही, त्यामुळे मला हे सगळं ओळखीचं वाटतं.

आई, तू इथे आली होतीस तेव्हा आपण फिलाडेल्फियातल्या सरकारी शाळेची मालिका बघितली होती, 'अ‍ॅबट एलिमेंटरी'. भाषा कळत नसताना तू "ही तर आमची जिल्हा परिषदेची शाळा" म्हणाली होतीस. ती क्विंटा ब्रन्सननं लिहिली. तिची आई बालवर्गाची शिक्षिका होती आणि शाळेला नाव दिलं आहे तिच्या सहावीच्या बाईंचं. क्विंटाची सुरुवात इंटरनेटवरच्या छोट्या व्हिडिओंतून झाली. तुझी ती शाळेच्या गळक्या छताची गोष्ट कुणी लिहिली असती, तर तीही चालली असती. अजून उशीर झालेला नाही.

आत्ताची हवा चांगली नाही. ऑक्टोबर 2022 मध्ये वॉर्नर या बड्या कंपनीनं आपलं जुनं लेखक-शिबिर बंद केल्याचं जाहीर केलं आणि ओरड झाल्यावर दोन दिवसांत माघार घेतली. 2023 मध्ये लेखकांचा 148 दिवसांचा संप झाला. (तेव्हा मी तुम्हाला "सध्या काम हलकं आहे" म्हणाले होते. खरं तर अर्ध्या पगारावर होते. आता सांगून टाकते.) त्या संपातून एक गोष्ट चांगली निघाली. आधी स्टाफ रायटरनं अख्खा भाग लिहिला तरी त्याचे वेगळे पैसे मिळत नसत, आठवड्याच्या पगारातच ते धरायचे. आता मिळतात. आणि खोलीत किमान किती लेखक हवेत हेही करारात आलं. पण मालिका आता 22 भागांच्या राहिल्या नाहीत, आठ-दहा भागांत संपतात. शिकायला वेळ कुठे उरतो? 2024 मध्ये सीबीएस वाहिनीच्या एका मालिकेतल्या स्क्रिप्ट को-ऑर्डिनेटरनं (पटकथांच्या प्रती सांभाळणाऱ्यानं) दावा लावला, गोरा पुरुष असल्यानं मला लेखक म्हणून घेतलं नाही म्हणून. पुढच्या वर्षी तडजोड झाली. त्याच सुमारास सीबीएसच्या मालक कंपनीनं भरतीतली आकड्यांची उद्दिष्टं सोडून दिल्याचं सांगितलं. ट्रम्प आल्यापासून इतर कंपन्याही हा विषय हळू आवाजात बोलतात. माझ्या ऑफिसात तर त्या योजनेच्या खात्याचं नावच बदललं. रक्कम तूर्त तीच आहे, मी बघते ना.

तर शेजारीण ज्यासाठी बसली होती ते वाहिनीचं प्रशिक्षण नाही. मधल्या-वरच्या हुद्द्यांवरचे कृष्णवर्णीय लेखक स्वतःच नव्यांना हाताशी धरतात, तशातलं आहे. पटकथा तिला येते. तिला शिकायचंय ते बढती मागायची कशी, एजंट "या वेळी पुन्हा स्टाफ रायटर घे, पुढच्या वेळी बघू" म्हणाला की काय उत्तर द्यायचं. मी तिला तुमच्याबद्दल सांगितलं. औरंगाबादला नागसेनवनात कॉलेजात असताना पँथर हे नाव पहिल्यांदा कानावर पडलं ते, आणि नंतर तुम्ही बढतीसाठी टाइप करून दिलेलं ते निवेदन, ज्येष्ठता यादी जोडून, प्रत माहितीसाठी चौघांना. ती ऐकतच राहिली. म्हणाली, "चौघांना? प्रत?" तिला ते बघायचंय.

बाबा, त्या निवेदनाची कार्बन कॉपी हिरव्या फाईलमध्ये असेल, लोखंडी कपाटात खालच्या कप्प्यात. आईला मोबाईलवर नीट फोटो काढायला सांगा, अंगठा मध्ये येऊ न देता. इंग्रजी मी करून देईन. अर्जाची तारीख शुक्रवारी संपते, म्हणजे गुरुवारी रात्रीपर्यंत मिळालं तर बरं.

कानाच्या मशीनचे सेल शेजारच्या बाईंच्या मुलाबरोबर पाठवलेत. तो 20 तारखेला पोचेल.

तुमची लेक