महापालिकेच्या गुळण्या

व्हिएन्ना, 27 एप्रिल 2021

ती. आई-बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

परवा फोनवर मी खोकलो काय आणि तुम्ही दोघं रात्रभर जागलात, असं मुक्ता म्हणाली. आई, तो खोकला मिरचीच्या फोडणीचा होता. बाहेर अजून थंडी आहे म्हणून खिडकी लावून आमटी केली, एवढंच. जेवतो, झोपतो, बाकी सगळं आहे तसंच.

आणि नुसतं तोंडाने सांगत नाही, रिपोर्ट आहे माझ्याकडे. कोरोना तपासायला इथली महापालिका सगळ्यांना गुळण्या करायला लावते. हसू नकोस! योजनेचं नावच 'आलेस गुर्गेल्ट' आहे, म्हणजे 'सगळे गुळण्या करतायत'. बिपा म्हणून साबण-शाम्पूचं दुकान आहे, तिथून फुकट डबी आणायची. आत मिठाच्या पाण्याची इवलीशी बाटली, एक स्ट्रॉ आणि बारकोडवाली ट्यूब. फोन समोर उभा करायचा, त्याला आधी ओळखपत्र दाखवायचं, मग पाणी तोंडात घेऊन मान मागे टाकून एक मिनिट खळखळ करायची. याचं चित्रण होतं बरं का! गुळणी मीच केली, शेजाऱ्याकडून करून घेतली नाही, याचा पुरावा. मग ते स्ट्रॉमधून ट्यूबमध्ये सोडायचं, झाकण घट्ट लावायचं आणि सकाळी नऊच्या आत वाण्याच्या दुकानातल्या पेटीत टाकायचं. लोक एका हातात थुंकीची ट्यूब आणि दुसऱ्या हातात दुधाची पिशवी घेऊन उभे असतात, कुणाला काही वाटत नाही. चोवीस तासांत आरटीपीसीआरचा निकाल मेलवर. आठवड्यातून चारदा केलं तरी पैसे शून्य. पहिल्यांदा मला तू मोरीत हळद-मिठाच्या गुळण्या करतेस तो आवाज आठवला, हसलो आणि सगळं गिळलं. एक डबी वाया.

बाबा, इथल्या पालिकेला एवढं कसं परवडतं म्हणालात. व्हिएन्ना शहरही आहे आणि राज्यही. महापौर लुडविग हेच राज्याचेही प्रमुख, त्यामुळे पैशासाठी पुण्यासारखं मुंबईच्या सरकारकडे बघावं लागत नाही. गेल्या वर्षी तर त्यांनी घरोघरी हॉटेलात जेवायची कुपनं वाटली होती. कुटुंबाला 50 युरो, एकट्याला 25. दारू चालणार नाही, एवढी एक अट. आमच्या किचनला त्या उन्हाळ्यात त्यानेच तारलं.

हे लिहायला बसलो तेव्हा गंमत म्हणून लिहिणार होतो. पण काकांचा रिपोर्ट यायला चार दिवस लागले, आणि तोवर तुम्ही बेडसाठी पालिकेच्या डॅशबोर्डवर डोळे लावून बसला होतात. सीओईपी कॉलेजच्या मैदानावरचं जम्बो कोविड सेंटर पुन्हा भरलंय. मी मात्र इथे काही होत नसताना दर दोन दिवसांनी खुशाल तपासून घेतो. मेल आला की आधी तुम्हाला पाठवावासा वाटतो, मग नाही पाठवत.

'येऊन जा' म्हणालीस. आई, मला यायचं नाही असं का वाटतं तुला? भारतातून येणारी विमानं इथे उतरूच देणार नाहीत म्हणतात. आलो तर अडकलो, आणि 19 मेला हॉटेलं उघडतायत तेव्हा मी हजर नसलो तर माझ्या जागी दुसरा उभा राहील. बाबांना साखर आहे, विमानातून मी काय घेऊन येईन कुणास ठाऊक. ही कारणं खरी आहेत.

पैशाचं. सध्या काम कमी आणि पगारही कापून येतो, त्यात सरकारचा हातभार आहे म्हणून निभतंय. या महिन्यात नेहमीच्या निम्मेच पाठवलेत. घराचा हप्ता त्यात बसेल. मुक्ताच्या दागिन्यांचे जूनमध्ये नक्की. बाबा, एफडी मोडू नका, माझ्यासाठी एवढं ऐका.

लग्न पुढे ढकलू नका. सरकारचा नियम 25 माणसं आणि दोन तास, तर तसं. मुलाकडचे समजूतदार आहेत. पंचविसांच्या यादीत मुक्ताने माझं नाव पहिलं लिहिलंय म्हणे. ते खोडा आणि तिथे आत्याला घ्या, नाहीतर ती जन्मभर बोलून दाखवेल.

तुमचा,
केदार

ता. क. बाबांची बोटावरची ऑक्सिजनची रीडिंग रोज रात्री पाठव. 'बरं आहे' असं लिहू नकोस, आकडा लिही.